लाकडी म्हशीची कास

मी म्हशीच्या पोटात गुडघे दुमडून बसले होते आणि बाहेर शेजारचा म्हातारा चावडीच्या पायरीवर कोयता घासत होता. कोंबडा म्हशीच्या पुढच्या पायाला बांधलेला. तो फडफडला की पंख पोटावर आपटायचे, आणि मला ढोलकीत बसल्यासारखं वाटायचं.

म्हैस लाकडाची होती. माझ्या बापानेच केलेली. तो सुतार. लोणावळ्यात बंगल्यांची कामं करायचा. तिथे एका पारशी शेटच्या पोरांचा डोलणारा घोडा त्याने पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, "आपल्या पोरांना घोडा काय करायचाय?" त्याने आमच्या गावच्या, टाकव्याच्या शाळेसाठी आंब्याच्या लाकडाची म्हैस केली. शाळा चावडीत भरायची. म्हशीच्या पाठीवर पोरं बसत, पोटात गोष्टींची पुस्तकं. कासेचा पुढचा सड ओढला की कुशीचं झाकण उघडायचं. मास्तरांचा नियम असा, की जो मोठ्याने वाचील त्याने शिंगं धरून मानेवर बसायचं. अडखळला की खाली. त्या मानेपायी गुराखी पोरंसुद्धा अक्षरं गिरवायला लागली. एकाने तर पान पाठ करून, पुस्तक उलटं धरून अर्धी सकाळ मानेवर काढली.

मग शेजारच्या आजीची म्हैस पान्हवेना. आजीने जाता जाता आमच्या म्हशीला शेंदूर फासला, कोंबड्याचा नवस बोलली, आणि तिची म्हैस पान्हवली. झालं. आमची म्हैस म्हसोबा झाली. खाली लुगड्याचा तुकडा गुंडाळला, वर हार चढले. पोरांचं बसणं बंद, पुस्तकं आत. मास्तर परगावचे, ते नुसते पाढे घ्यायला लागले. बाप म्हणाला, "म्या म्हैस केलती. गावानं रेडा केला. आता काय बोलू?"

माझी एक गोष्ट अर्धी राहिली होती. रविवारी चावडीत कोणी नाही बघून मी लुगडं सारलं, सड ओढला आणि आत शिरून, झाकण किलकिलं ठेवून वाचत बसले. आजी आणि तिचा म्हातारा नवस फेडायला कोंबडा घेऊन आले, त्यांची पावलं वाजली तसं झाकण ओढून घेतलं. खिटी बाहेरून पडली, आतून उघडेना.

एकदा रक्त पडलं की तो कायमचा देव, आणि पुस्तकं कायमची गेली, एवढं मला कळत होतं. मार तर तसाही खायचाच होता.

"आजी, थांब," मी म्हणाले.

कोयत्याचा आवाज थांबला. "देव बोलला," म्हातारा पुटपुटला.

"देव कसला? सुताराची पोर हाय ती," आजी म्हणाली. "कुटं हायस गं भवाने?"

"पोटात. कासंचा फुडला सड वढ."

"कुनाच्या कासंचा?"

"म्हशीच्या."

आजीने लुगड्याखाली हात घातला. जन्मभर धारा काढलेला हात, त्याला शोधावं लागलं नाही. झाकण उघडलं आणि मी पुस्तकांसकट कोंबड्यावर पडले. दोरी तुटली. तो बोंबलत वेशीकडे पळाला.

आजी सड धरून तशीच बसली होती.

"म्हसोबाला कास कशी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मला काय इचारता?"

"शेंदूर तूच लावलास की."

"वरून लावला. खाली वाकून कोन बघतंय?"

"आन् नवस?"

"नवस देवाला बोलले. ही तर म्हैस हाय. म्हशीला पेंड चालती."

तिने खरोखरच पेंड आणून ठेवली. ती आम्ही पोरांनी खाल्ली. शेंदूर तिनेच तेल लावून खरवडला. कानामागे थोडा राहिला तो राहिला. आईने मला फोकाने झोडलं. दुसऱ्या दिवशी मानेवर बसून मी गोष्ट पुरी वाचली. बसताना दुखलं, पण उतरले नाही.

कोंबडा संध्याकाळी आपणहून आजीच्या दारात आला. पुढे म्हातारा होईपर्यंत तिथेच जगला.