मास्तरांच्या चहातली गोळी

खडूची रेघ झटकता येते, कात्रीचा काप झटकता येत नाही, हे मास्तर नव्या कारागिरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. शिंप्याच्या त्या दुकानात ते कटर होते. त्यांनी कापायचं, बाकीच्यांनी शिवायचं. त्यांची बायको खिडकीजवळच्या स्टुलावर बसून काजं करायची. सगळं दुकान तिला वहिनी म्हणायचं, तिच्या वडिलांच्या वयाचे मालकसुद्धा.

एकदा मास्तरांच्या हातून एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या गेल्या. कापड एकेरी पसरलं आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदी नमुना उलटा करायचा राहिला, की हे होतं. प्रत्येक कटर जन्मात एकदा ही चूक करतो आणि पुढे तीच रंगवून सांगतो. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला विचारू या, उजवा हात लागतोच का म्हणून," आणि हिंडून तसंच कापड पैदा केलं. दुकान हसलं, विषय संपला. मास्तरांचा मात्र संपला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथवर ठीक. मास्तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. माप घ्यायचं, रेघ मारायची, झटकायची, पुन्हा माप. शिवणीत बोटभर कापड जादा सोडायचे, ते दोन बोटं झालं, मग चार. कारागीर कुरकुरले, "मास्तर, शर्ट शिवायचाय की तंबू?" जेवता जेवता हात धुऊन उठायचे आणि कापलेली बाही एकदा बघून येतो म्हणून दुकानाची किल्ली मागायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो या घरात हातपाय पसरून राहायलाच आला होता. आणि एका दुपारी त्यांनी मोठी कात्री उघडून तिच्या पात्यांत आपलं उजवं मनगट धरलं. "हा हातच नसता तर बरं झालं असतं," ते अगदी शांतपणे म्हणाले. वहिनीने कात्री काढून घेतली. त्या दिवसापासून हा माणूस आपल्याला राहतो की जातो, याचीच तिला धास्ती लागून राहिली.

ती त्यांना ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. मनाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दर आठवड्याला शेजारच्या खोलीतल्या समुपदेशक बाईंकडे यायला सांगितलं.

"दोन्ही लागतील," डॉक्टर म्हणाले. "गोळीने आतला गलबला कमी होईल. भीती आली की तिच्याशी कसं वागायचं ते बाई शिकवतील. आणि एक लक्षात ठेवा, गोळी एकदम बंद करायची नाही. उतरवत आणायची असते."

मास्तरांना बाई पटल्या, गोळी पटली नाही. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी अशाच कसल्याशा गोळ्या घ्यायचे. दिवसदिवस खुर्चीत बसून, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, आणि धाकट्या भावाचं नाव आठवायलाही वेळ लागायचा. तो आजार वेगळा, त्या गोळ्या वेगळ्या, हे डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. मास्तरांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन पाकीट वहिनीच्या हातात ठेवलं. "फेकून दे. डॉक्टरांना सांगू, घेतो म्हणून."

तिने फेकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चमच्याच्या पाठीने गोळी चुरली, चहात ढवळली, वर साखर जास्त घातली आणि कप त्यांच्यापुढे ठेवला.

"कडू लागतोय गं."

"पत्ती बदलली."

बिचारी पत्ती! तिच्यावर पुढे बरेच महिने खापर फुटत राहिलं.

यात बरोबर काय आणि चूक काय, हे ज्याच्या घरात मनगट आणि कात्री एकत्र दिसलेली नाहीत त्याने खुशाल ठरवावं. वहिनीला रोज सकाळी त्या कपावरून नजर हटवता यायची नाही. कपाच्या तळाला पांढरं राहिलं तर? अर्धाच प्यायले तर? एकदा मालक सकाळीच घरी टपकले आणि मास्तरांनी आदराने आपलाच कप त्यांच्यापुढे सरकवला. वहिनीने तो कोपराने असा उडवला की मालकांची विजार भिजली. "वहिनी, चहा पाजायचा नसेल तर तोंडाने सांगा की!" मालक ओरडले. ती फडक्याने जमीन पुसत माफी मागत राहिली आणि मनातल्या मनात त्याच फडक्याने स्वतःलाही पुसत राहिली.

इकडे बाईंनी मास्तरांना काम लावलं होतं. माप एकदाच घ्यायचं. रेघ एकदाच मारायची. कापायचं, आणि मग बघायला जायचं नाही. भीती वाढेल, वाढू द्यायची. "उचकीसारखी असते ती," बाई म्हणायच्या. "लागते आणि थांबते. तुम्ही नुसतं बसून राहा." मास्तर बसून राहायचे. घामाने सदरा पाठीला चिकटायचा, नजर टेबलाकडे धावायची, पण ते स्टुलाची कड घट्ट धरून ठेवायचे. आधी साधा रुमाल कापला, मग उशीचा अभ्रा, मग शर्ट. काजं घालता घालता वहिनी ते बघायची आणि टाका चुकायची.

आणि मग त्यांनी कोट कापला. एका मापात, एका रेघेत. दोन्ही बाह्या टेबलावर समोरासमोर ठेवल्या, एक डावी, एक उजवी. कारागिरांनी टाळ्या पिटल्या.

"बघितलंस?" घरी येताना मास्तर म्हणाले. चेहरा नुसता उजळला होता. "गोळीशिवाय! डॉक्टरांना वाटतंय त्यांच्या गोळीचा गुण. कसं बनवलं त्यांना!"

ती हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. आनंदाने रडावं, तर का रडतेस म्हणून विचारतील. खरं सांगावं, तर त्यांचा कोट त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. बाईंनी एकदा दारात गाठून विचारलं, "घरी सगळं ठीक?" तर चोराच्या मनात चांदणं, वहिनी इतक्या घाईने "छान, छान" म्हणाली की बाई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या.

मग नणंदेचा फोन आला. तिच्या नवऱ्याचा गणवेश शिवायचा कारखाना होता, त्यांचा कटर काम सोडून गेला होता. "दादाला आठवडाभर पाठव ना वहिनी. आता बरा आहे म्हणतेस." मास्तर तर एका पायावर तयार. इतक्या दिवसांनी त्यांच्या हाताला कुणीतरी बोलावत होतं.

वहिनीने नाही नाही ते करून पाहिलं. मीही येते म्हणाली, तर काजांचा ढीग पडला होता. गोळ्या वेगळ्या डबीत भरून "ताकदीच्या आहेत, रोज एक घ्या" म्हणाली. मास्तर म्हणाले, "ताकद कशाला? कुस्ती खेळायला चाललोय का मी?" आणि डबी ओट्यावरच ठेवून गेले. बस सुटेपर्यंत सांगावंसं वाटत होतं. त्यांनी खिडकीतून हात हलवला, तोच उजवा हात, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

चौथ्या दिवशी नणंद फोनवर रडत होती. "वहिनी, दादाला काय झालंय? भिंत धरून चालतो. मान वळवली की डोक्यात वीज चमकते म्हणतो. काल कापड तसंच टाकून उठला. कोपऱ्यात बसलाय आणि एकच म्हणतोय, भाऊंचं दुखणं आलं, आता माझीही खुर्ची मांडा."

वहिनीला सगळं लख्ख कळलं. हा आजार नव्हता. गोळी एकदम तुटली होती. हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं आणि तिकडे तिचा नवरा आपण वेडे होतोय या समजुतीने कोपऱ्यात बसला होता. इकडे आड, तिकडे विहीर. सांगितलं तर तिच्यावरचा त्यांचा विश्वास जाणार, गप्प राहिलं तर तेच जाणार. तिने आधी डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरांनी शेवटची गोळी कधी गेली ते विचारलं. मग म्हणाले, "आधी त्यांना खरं सांगा. त्यांनी मान्य केलं तर आजपासून गोळी परत सुरू करा. पण चहातून नाही." तिने मिळेल ती बस पकडली. वाटभर ती ओट्यावरची ती डबी मुठीत धरून बसली.

मास्तर खरंच कोपऱ्यात होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तिला बघून म्हणाले, "आलीस? बघ, मीही भाऊंच्याच वाटेने निघालो."

"नाही हो." ती समोर जमिनीवर बसली. "तुम्हाला काही झालेलं नाही. मी रोज सकाळी तुमच्या चहात गोळी घालत होते. ती चार दिवस मिळाली नाही, म्हणून हे होतंय. ती चालू झाली की थांबेल. डॉक्टरांना विचारून आलेय."

नणंदेने तोंडावर हात ठेवला. आधी मास्तरांच्या चेहऱ्यावरची भीती उतरली. वहिनीने ती स्वतःच्या डोळ्यांनी उतरताना पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. पण त्या जागी जे आलं, ते तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"मग तो कोट कुणी कापला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी की गोळीने?"

"गोळीला कात्री धरता येते का हो? घाम तुम्हाला फुटला होता. स्टूल तुम्ही धरून बसला होतात. मी बघत होते ना."

मास्तरांनी हात पुढे केला, गोळी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि उठून स्वतः पाणी ओतून घेतलं.

आठवड्याभरात डोक्यातल्या विजा थांबल्या. मास्तर दुकानात परत आले, गणवेशाचं अर्धं राहिलेलं कामही मागवून घेऊन पुरं केलं. गोळी रोज घ्यायचे, आपल्या हाताने. बोलणं मात्र कामापुरतं. जेवायला वाढलं तर वहिनीने पहिला घास घेतल्याशिवाय ते ताटाला हात लावत नव्हते. ते मुद्दाम करत नव्हते, आपोआप होत होतं, आणि म्हणूनच तिला ते सोसवत नव्हतं.

शेवटी बाईंनी दोघांना एकदम बोलावलं. छोटी खोली, तीन खुर्च्या. बाईंनी मास्तरांना विचारलं, "आता भीती कशी आहे?"

"कात्रीची नाही वाटत," मास्तर म्हणाले. जमिनीकडे बघत होते. "हिची वाटते."

वहिनीला वाटलं, खुर्चीसकट जमीन खाली जावी. ते मनगट, ती दुपार, सगळं ओठांवर आलं. तुम्हाला वाचवलं ना मी, असं ओरडावंसं वाटलं. बाईंनी हळूच हात वर केला, थांबा म्हणून. ती थांबली. कसंबसं एवढंच बोलली, "मग मी काय करू आता?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी.

"विचारत जा," ते म्हणाले. "मी नाही म्हणेन. तरी पुन्हा विचार."