शिवकांता नावाची स्टाईल

मुखेडच्या दोन कट्टर विरोधी समित्यांना मी एकाच दिवशी, एकाच माऊसने तोंडघशी पाडलं. हेतू शुद्ध होता. मला फक्त माझा लेख एका पानात बसवायचा होता.

दुष्काळाचं साल. गल्लीत टँकर आल्याची आरोळी उठली, तसा शरणप्पा खुर्ची मागं सारून दोन घागरी घेऊन पळाला. पळता पळता म्हणाला, "गुरुजी, जरा बसा दुकानात. आप्पासाहेबाचं आन् लिंबाजीचं निवेदन तयार हाय, आले की छापून द्या. दुसऱ्या कशाला हात लावू नका." यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझ्या कानातून आरपार गेलं. छत्तीस वर्षं पोरांना हेच वाक्य ऐकवल्याचा परिणाम असावा.

शरणप्पाचं दुकान तहसीलसमोर. पुढं टायपिंग, मागं घर, मधे एक दार. पूर्वी तिथं टाइपरायटर खडखडायचा, आता संगणक घुमतो. तालुक्यातला प्रत्येक अर्ज त्याच्या हातचा, आणि सगळे अर्ज एकाच लठ्ठ फाइलीत. अक्षर केवढं, मथळा केवढा, दोन ओळींत जागा किती, हे एकदा ठरवून त्याला नाव द्यायचं. मग मजकुरावर ते नाव दाबलं की अख्खा पोशाख एका झटक्यात अंगावर चढतो. याला स्टाईल म्हणतात, हे मला त्यानंच शिकवलं. गिऱ्हाईकागणिक त्याची स्टाईल होती. एक 'आप्पासाहेब', त्यात मथळा काळाकुट्ट, माणसासारखाच. एक 'लिंबाजी', त्यात प्रत्येक वाक्याखाली रेघ. एक 'टँकर अर्ज', साधी, हात जोडून उभी राहिल्यासारखी.

पण या सगळ्या एकीच्याच नकला, तिलाच बांधलेल्या; ती बदलली की या आपोआप बदलायच्या. यादीत सगळ्यात वर असायची ती. नाव 'शिवकांता'.

शिवकांता म्हणजे शरणप्पाची बायको. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून तिला बारीक दिसेना. ती मधल्या दाराच्या पलीकडं बसायची. शरणप्पा छापलेला पहिला कागद आत द्यायचा, ती तो उजेडाला धरायची.

"दिसतंय का?"

"मुंग्या दिसायल्यात. आणखी फुगवा की."

तो अक्षर जरा फुगवायचा, ओळी जरा सुट्या करायचा, पुन्हा कागद आत. असं चार-पाच दिवस चाललं. एका दुपारी तिनं सगळा टँकरचा अर्ज घडाघडा वाचून दाखवला आणि वर त्यातली एक चूक काढली. त्या दिवशी शरणप्पानं ते माप तिच्या नावानं ठेवलं. किती आकडा, किती अंतर, कुठं लिहिलं नाही. लिहायचं कशाला? यंत्रात होतं, आणि ती घरात होती. पुढं त्याचा नेमच झाला: "हिला दिसलं म्हंजे साहेबाला दिसलं." आणि दुसरा नेम: अस्सलाला हात लावायचा नाही. आधी नक्कल काढायची, तिला नाव द्यायचं, मग तिचे काय हाल करायचे ते करायचे.

तीन वर्षांमागं शिवकांता गेली. मधलं दार तेव्हापासून ओढून घेतलेलं. शरणप्पा खानावळीचा डबा दुकानातच खायचा. मात्र रोज सकाळी संगणक उघडला की पहिलं नाव तिचंच यायचं. तो त्याकडं बघायचा, चष्मा पुसायचा आणि कामाला लागायचा. आम्ही समजायचो, काचेवर धूळ असेल.

तर, मी 'शिवकांता' निवडली. माझा लेख तिच्यात सव्वादोन पानं होत होता. मी नक्कल-बिक्कल न काढता अक्षर बारा केलं, ओळी चिकटवल्या, सेव्ह केलं आणि फाइल बंदसुद्धा केली. लेख एका पानात बसला. तेवढ्यात आप्पासाहेब आले. उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा बोलवा होती. मुखेडनं त्यात जायचंच, ही त्यांची समिती. त्यांच्या मागोमाग लिंबाजी आला. नांदेड मेलो तरी सोडायचं नाही, ही त्याची. मी दोघांची निवेदनं छापली. चार-चार पानांची दीड-दीड पानांत आली. कागद वाचवल्याबद्दल मनातल्या मनात पाठ थोपटून घेत मी ती पाकिटात घालून दिली.

विश्रामगृहावर दुष्काळ बघायला आलेल्या साहेबांनी दोन्ही पाकिटं फोडली. चष्मा लावला, काढला, कागद लांब धरला. म्हणाले, "हे निवेदन आहे की औषधाच्या बाटलीतली चिठ्ठी? आणि दोघांनी एकच डॉक्टर गाठला का?"

तासाभरात दोघंही दुकानात.

"यानं माझी नक्कल मारली!" आप्पासाहेब.

"तुमची? तुमच्यात मारण्यासारखं काय हाय?" लिंबाजी.

शरणप्पा भरलेल्या घागरी घेऊन आला. कागद बघितला. फाइल उघडली. 'शिवकांता'वर बोट ठेवून म्हणाला, "हिला कोणी हात लावला?"

"मी," मी म्हणालो.

मला वाटलं, आता घागर डोक्यात बसणार. तो नुसता खुर्चीत बसला. अठरा करून बघितलं, वीस केलं, बावीस केलं, पुन्हा अठरा. आप्पासाहेब म्हणाले, "काही घाई न्हाई, शरणप्पा. उद्या द्या." लिंबाजीनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं आणि ते बघायला साहेब नव्हते.

ते गेल्यावर मी विचारलं, "जुना छापलेला एखादा कागद असेल ना?"

त्यानं मधल्या दाराकडं मान वळवली. "आत हाय. रांजणाच्या वर."

आत एक ताट, एक पेला आणि पालथा घातलेला दुसरा पेला. रांजणाच्या वर भिंतीला डकवलेला कागद, शिवकांताच्या गोळ्यांचा, तिच्याच मापात छापलेला. सकाळी पांढरी. रात्री पिवळी. पाणी भरपूर पिणे. रांजणात वीतभर पाणी होतं.

मी घरून पट्टी आणली. अक्षराची उंची मोजली, ओळींमधली जागा मोजली, काना-मात्रा मोजल्या. शरणप्पा आकडे घालत गेला. पाचव्या खेपेला छापलेला कागद जुन्यावर ठेवून मी उजेडाला धरला. ओळीवर ओळ चपखल बसली. आता आधी नक्कल काढली, मग सेव्ह केलं. पापाचा निम्मा भार उतरला असं मला वाटलं.

"बघा शरणप्पा! केसाचाही फरक नाही. आता बरोबर ना?"

शरणप्पानं ताजा कागद उचलला, मधलं दार ढकललं, सवयीनं हात आत लांबवला आणि तसाच उभा राहिला. मग मागं न बघता म्हणाला,

"तिला विचारावं लागंल."