कोरगावच्या हॉलमधलं एक्सकॅव्हेटर

"मशिनीक वारो धरला," पुंडलिककाका म्हणाले आणि त्यांनी हातातला कंट्रोलर कॉटवर ठेवून दिला.

चतुर्थीचा दिवस. पूजा नुकतीच आटोपली होती. गोव्यातल्या कोरगावच्या त्या घरात हॉलमध्ये गणपती, समोर चटईवर पाहुणे, कोपऱ्यात काकांची कॉट आणि कॉटसमोर टीव्ही. टीव्हीवर एक पिवळं एक्सकॅव्हेटर, म्हणजे माती उकरून ट्रकमध्ये भरणारं अवजड यंत्र, हात वर करून अडकलं होतं. मग ते एकदम हललं आणि बकेटमधली सगळी माती ट्रकच्या बाहेर पडली.

चार वाजता काकांचे खाणीवरचे तीन जुने दोस्त येणार होते. तेव्हा साडेबारा झाले होते.

मी पेडण्यातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत टेक्निशियन आहे. मूळचा गडहिंग्लजकडचा. आधी तुयेला एका कारखान्यात होतो, मग या लाईनीत आलो. काका डिचोलीकडच्या खाणीवर एक्सकॅव्हेटर चालवायचे. उमेद होती ती सगळी तिथेच खर्चली. खाण बंद पडली, ते घरी आले आणि पुढे अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला तो पुरता परत आला नाही. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू ते हातात धरायचे नाहीत. "हांव कितें भुरगो रे?" म्हणायचे, म्हणजे मी काय लहान पोर आहे? दोस्त भेटायला आले की हात चादरीखाली आणि तोंड भिंतीकडे.

त्यांचा मुलगा प्रसाद तुयेला डिझायनर आहे; आमची ओळख तिथलीच. त्याने वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर एक्सकॅव्हेटर चालवायचा गेम आणला. खऱ्या मशिनीला दोन लिव्हर असतात, गेमच्या कंट्रोलरलाही दोन काड्या. उजव्या काडीने बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, आणि बकेट चालते, म्हणजे उजव्या हाताला काम आपोआप येतं. पण कॉम्प्युटर वर आणि काका खाली. जिना त्यांना चढवत नाही. कॉम्प्युटर खाली आणला तर प्रसादचं घरून चालणारं ऑफिसचं काम अडतं. म्हणून त्याने मला विचारलं, "दत्ता, गेम खाली स्ट्रीम करता येईल?"

मी सरळ नको म्हणालो. स्ट्रीमिंग म्हणजे गेम चालतो एकीकडे आणि त्याचं फक्त चित्र दुसऱ्या पडद्यावर येतं. तुम्ही बटण दाबलं की ते तिकडे जातं, तिकडे गेम हलतो आणि हललेलं चित्र परत येतं. या जाण्यायेण्यात जो उशीर होतो त्याला लॅग म्हणतात. सिनेमा पाहताना लॅग कळत नाही, खेळताना डोकं उठतं. कित्येकांनी हौसेने फोनवर असे गेम लावून घेतले आणि आठवड्यात बंद केले, हे मी बघितलेलं आहे.

प्रसादने आधी तेही करून पाहिलं. दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवरून फोनवर गेम घेतला. काकांच्या बोटांना ती पडद्यावरची इवलीशी बटणं सापडेनात. त्यांनी फोन उशीखाली सारला. मग मी म्हणालो, बाहेरून नकोच. घरातला कॉम्प्युटर, घरातला टीव्ही आणि मध्ये घरातलंच वायफाय, एवढं करून बघू.

चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी मी ते बसवलं. राऊटर वर, कॉम्प्युटरला वायरने जोडलेला. मधला स्लॅब जाड, त्यातून सिग्नल येईना, पण जिन्याच्या तोंडातून तो छान खाली उतरून टीव्हीपर्यंत जात होता. जिन्याशेजारी छताला एक रिकामी लाकडी चौकट टांगलेली होती. मला वाटलं कपडे वाळत घालायची असेल. मीटर लावला, आकडे उत्तम. काकांनी पहिल्याच दिवशी अर्धा तास माती उपसली. उजवा हात थरथरत होता, पण हलत होता. काकींनी पदराने डोळे पुसले आणि मला चहाबरोबर दोन पाव जास्त वाढले. काकांनी स्वतःहून निरोप धाडला, दोस्तांना म्हणावं चतुर्थीला या, एक ट्रक भरून दाखवतो.

आणि आज हे असं.

मी राऊटर बंद करून चालू केला. चॅनेल बदलला. पाहुण्यांना फोनचं वायफाय बंद करायला लावलं. थोडा फरक पडला, पण मशीन अडकायचं थांबेना. आमचे मालक उल्हासबाब यांना फोन लावला.

"लाईन बरी आसा," ते म्हणाले. "आनी घरातल्या घरात चलता ताका आमची लाईन कित्याक जाय? दत्ता, तूच डोकें चलय."

खरंच होतं. बाहेरच्या लाईनीचा इथे संबंधच नव्हता. मी वैतागलो. प्रसादला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "आज गर्दीने काकांचा हात दमला असेल." आयुष्यात काही वाक्यं परत गिळता आली तर बरं होईल, त्यातलं हे एक.

काकांनी ऐकलं. मला हाक मारली.

"हात माजो आसा. माका कळता," ते म्हणाले. "हात दमलो जाल्यार मशीन सारकें सावकाश चलता. हें मदीच रावता आनी मागीर उडी मारता. तेलाच्या पायपांत वारो भरलो काय मशीन अशेंच करता."

मी खाली मान घालून सॉरी म्हणालो. रागावून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं असतं तर मी काय करणार होतो? पण ते बोलत राहिले. शिफ्ट सुरू होताना एखाद्या नवख्या हेल्परला समजवावं तसं.

"मशीन बिघडलें काय आदी उघडूंक जायना. विचारचें, काल बरें चलताले मरे? मागीर नवें कितें लायलां?"

नवीन काय लावलं? मी हॉलभर नजर फिरवली. मग वर पाहिलं.

ती रिकामी चौकट आता रिकामी नव्हती. नारळाच्या पेंडी, सुपारीचे घोस, अख्खे भोपळे, काकड्या, केळीचे घड, रानातली काय काय फळं. चतुर्थीला गणपतीसाठी बांधतात त्या या सजावटीला माटोळी म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं गोव्यात राहून कळलं नव्हतं, कारण दर चतुर्थीला मी रजा टाकून गावी पळायचो. कोरगावच्या माणसाने बसवलं असतं तर रिकामी चौकट पाहूनच तो सावध झाला असता.

फळांत पाणी असतं. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. जिन्यातून उतरणारा सिग्नल नेमका या भरल्या माटोळीतून टीव्हीकडे जात होता, आणि उरलासुरला पाहुण्यांच्या गर्दीत मुरत होता. माणूसही शेवटी पाण्याचाच. मी फोन घेऊन माटोळीच्या अलीकडे उभा राहिलो, सिग्नल भरपूर. पलीकडे गेलो, निम्माही नाही.

"काकी, तेवढे दोन भोपळे..." मी सुरुवात केली.

"माटोळीक हात?" काकींनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "विसर्जनापर्यंत ती हलयनात रे पुता. दुसरें कितेंय कर. दोस्त येतले आनी हे कुशीक वळून निजतले. गेल्या खेपेक तसाच केल्यानी."

दुसरं म्हणजे वायर. उल्हासबाबना पुन्हा फोन केला. मला वाटलं सणाच्या दिवशी ऑफिस उघडायला सांगतोय म्हणून ओरडतील. ते त्यांच्या घरचा नैवेद्य सोडून आले, केबलचा अख्खा बॉक्स स्वतः घेऊन. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. वरच्या खिडकीतून पत्र्याच्या कडेने केबल खाली आणली आणि हॉलच्या खिडकीच्या फटीतून टीव्हीपर्यंत नेली. भिंतीला एक भोक पाडलं नाही. चारला दहा कमी असताना काकांनी काडी ओढली. बूम तत्क्षणी उठली.

"वारो गेलो," ते म्हणाले.

दोस्त आले. गणपतीला नमस्कार करून कॉटभोवती बसले. काकांचा उजवा हात चादरीवर, सगळ्यांसमोर. पहिली बकेट सांडली. दुसरी बकेट ट्रकमध्ये पडली. तिसऱ्या बकेटीला त्यातला एक आरडला, "अरे पुंडलिका, बूम वयर घे, टायर फुटतलो ड्रायव्हराचो!" मग हॉलमध्ये खाणच सुरू झाली. ट्रक भरायला पंचवीस मिनिटं लागली. जुन्या दिवसांत पाच लागायची म्हणे.

मग आरडणाऱ्या दोस्ताने कंट्रोलर मागून घेतला. दोन्ही हात धडधाकट, तरी त्याने पहिल्या फटक्यात बकेट ट्रकच्या केबिनवर आपटली. काका पुढे वाकले आणि आपला थरथरता उजवा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

"उजवो हात सैल सोड रे," ते म्हणाले. "इतलो घट कित्याक धरता?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा गावाबाहेर चतुर्थी जेवलो. केळीच्या पानावर काकींनी इतकं वाढलं की उल्हासबाबच म्हणाले, सोडा त्याला, उद्या खांबावर चढायचंय.

गेम स्ट्रीम करून घेण्यात अर्थ आहे का, असं गिऱ्हाईक अजूनही विचारतात. बहुतेकांना मी अजूनही नको म्हणतो. फक्त त्याआधी विचारतो, खेळणार कोण आहे? आणि वायर कुठून नेता येईल ते बघून ठेवतो.