जाड अक्षरातलं नाव

मार्केट यार्डातल्या मसालेवाल्या शेटजींना वेबसाइटवरचं अक्षर न् अक्षर जाडजूड हवं होतं. डिझायनर शर्मिला म्हणाली, “शेटजी, लिलावात पुकारणारा एकच असतो ना? तसा जाड फॉन्ट एकाच ओळीला. बाकीच्यांनी हळू बोलायचं.” शेटजींना पटलं. साइट गाजली, शर्मिलाच्या डिझाइन कंपनीकडे कामांची रीघ लागली.

मग कंपनीनं स्वतःची साइट करायला घेतली. ज्यांना साधी रेघ सरळ ओढता येत नव्हती, त्या मालक अभयसरांनी आपलं नाव मधोमध, जाड अक्षरात मांडायला सांगितलं.

“आणि काम करणाऱ्यांची नावं?” शर्मिलानं विचारलं.

“अहो, नियम तुमचाच ना? बाकीच्यांनी हळू बोलायचं.”

शर्मिलानं ते नाव जाड केलं, आणि देखणं केलं. वाईट काम करणं मेलं तिला कधी जमलंच नाही.