सरांचं पान एकशे बारा

इमामांच्या इतिहासावर पीएचडी करणाऱ्यांच्या खोलीत हसण्यासारखं काय असणार, असं वाटतं ना? अहो, सिंगापूरच्या चार वर्षांत इतके किस्से जमले, की थिसिसपेक्षा तेच जाड झालेत!

आधी आईचाच. आमच्या ओळखीतली सगळी मुलं इथल्या जुरोंग आयलंडवर तेलाच्या रिफायनऱ्यांत इंजिनियर, मी एकटी ओमानच्या इमामांच्या मागे. पिंपरीच्या विहारात कुणी विचारलं, की आई ठोकून द्यायची, "आमची पोरगी पण रिफायनरीत आहे." फोनकार्डाची मिनिटं संपत आलेली असताना मी चिडले. तर म्हणते, "अगं, ओमान म्हणजे तेलच ना? मग मी काय खोटं बोलले?"

*

आमचे प्रोफेसर, म्हणजे सर, ओमानवरचे मोठे अभ्यासक. पहिल्याच लेक्चरला म्हणाले, "तिथल्या इबादी पंथात नियमाने इमाम वारसाने ठरत नाही. विद्वान मंडळी निवडतात, हातात हात देऊन त्याला मानतात. आणि चुकला, तर खाली उतरवतात!" काय टाळ्या पडल्या!

हेच सर अकरा वर्षं आमच्या अभ्यास-सेंटरचे हेड. निवडणूक दर वर्षी व्हायची हो! फक्त मीटिंगची तारीख सर ठरवायचे, आणि नेमके तेव्हाच बाकीचे प्रोफेसर फील्डवर्कला गेलेले असायचे.

*

शेजारच्या टेबलावर मस्कतचा सलीम. महाअबोल. एका पाहुण्याने त्याला विचारलं, "स्वतःच्या देशाचा इतिहास शिकायला इतक्या लांब?"

सलीम म्हणाला, "घरी आजोबांशी वाद घालता येत नाही."

*

मग आलं माझं चौथं प्रकरण. सरांच्या गाजलेल्या पुस्तकात, पान एकशे बारावर, एका इमामाला विद्वानांनी उतरवल्याचं लिहिलंय. मला हस्तलिखितात सापडलं, उतरवलंच नव्हतं! त्यांनी चूक दाखवली, त्याने ती सगळ्यांसमोर कबूल केली, आणि तोच इमाम राहिला.

मी तसं लिहिलं. सरांनी प्रकरण ड्रॉवरमध्ये टाकलं. सात महिने! माझा स्टुडंट पास, म्हणजे इथला व्हिसाच, महिनाअखेरीस संपणार, आणि सरांच्या सहीशिवाय थिसिस जमा होणार नाही. ऑफिसच्या मिसेस टॅन, प्रत्येक वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडणाऱ्या, रोज बजावायच्या, "नो साइन, नो थिसिस, लाह." चार वर्षं घालवून हात हलवत आईसमोर जायचं?

*

शेवटचा सेमिनार. सर म्हणाले, "चौथं प्रकरण वाचायला वेळच झाला नाही."

चार वर्षांत पहिल्यांदा सलीम उभा राहिला. "सर, पान एकशे बारा. चूक आहे. कबूल?"

सरांनी उलट विचारलं,

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नियम तुम्हीच शिकवलाय, सर."

सरांनी आपलं पुस्तक पान एकशे बारावर उघडलं. मग म्हणाले, "पेन आहे का कुणाकडे?"

एकदम नऊ पेनं पुढे! सरांनी आपल्या पुस्तकातली एक ओळ खोडली, मग माझ्या थिसिसच्या फॉर्मवर सही केली. मी तर रडलेच. सलीम पुढे गेला आणि सरांच्या हातात हात दिला. त्याच्यामागे आम्ही सगळे रांगेत.

खोली बंद करायला मिसेस टॅन आल्या. रांग दिसली, सरळ शेवटी उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर त्यांनीही सरांचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या,

"प्रोफेसर, माझा लीव्ह फॉर्म पण साइन करून टाका, लाह!"