न ऐकवायची अकरा मिनिटं

जर्मनीत कोलोनला मी डॉक्टरेट करत होते, तिथे एक पद्धत होती: मुलाखतीला रेकॉर्डर दोन लावायचे. एक बिघडला तर दुसरा. दुसऱ्या महायुद्धात लहानपणी लपून वाचलेल्या ज्यू माणसांच्या कहाण्या आम्ही नोंदवत होतो. सगळी नव्वदीच्या आसपासची माणसं, पुन्हा संधी कुठली मिळायला!

त्यातल्या एका आजींकडे मी चार वेळा गेले. चौथ्या वेळी मध्येच म्हणाल्या, "ते बंद कर." मी टेबलावरचा बंद केला. खिडकीतला दुसरा माझ्या डोक्यातूनच गेला. मग त्यांनी सांगितलं. शोधणारे शिपाई गोठ्यापाशी आले तेव्हा धाकटा भाऊ रडायला लागला. त्याला गवतात तसाच टाकून नऊ वर्षांची ही पोर एकटी पळाली.

"माझ्या मुलीला वाटतं, तो तापाने गेला," आजी म्हणाल्या. "तिला हे कळता कामा नये. मी मेल्यावरसुद्धा नाही."

मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला.

घरी येऊन टाइप करायला बसले, तर दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये सगळं होतं. अकरा मिनिटं. अगं बाई! तेव्हाच पुसायला हवं होतं. पण मूळ ध्वनिमुद्रणातलं काही पुसायचं नाही असा नियम, आणि मी मोठी नियम पाळणारी शहाणी! फाइल आमच्या प्राध्यापकबाईंकडे दिली आणि बजावून सांगितलं, हा भाग कुणालाही ऐकवायचा नाही. "या, या, गेनाऊ," बाई जर्मनमध्ये म्हणाल्या, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर.

सहा महिन्यांनी या मुलाखतींचं प्रदर्शन भरलं. आजी मुलीचा हात धरून आल्या. आजींच्या फोटोखाली हेडफोन टांगला होता, तो मुलीने कानाला लावला. मी लांबून तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, तीच अकरा मिनिटं लावली होती. हेडफोन तसाच लोंबकळत सोडून ती बाहेर निघून गेली, आईकडे न बघता.

मी बाईंना गाठलं. तर म्हणतात कशा, "आल्झो, हे बघ, संमतीपत्रावर सही आहे त्यांची. आणि आपल्या अख्ख्या संग्रहात याच्याइतकं अस्सल दुसरं आहे काय?" केसाने गळा कापला हो! चार वर्षं ज्या बाईला मी गुरू मानलं, जिच्यासाठी दिवाळीला डबाभर चकल्या नेल्या, तिने. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आजींना घरी मीच सोडलं. दारापाशी मला राहवेना. रडत रडत सगळं सांगितलं: दुसरा रेकॉर्डर, नियम, बाईंनी कसा विश्वासघात केला ते.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. किल्ली कुलपात घातली.

"त्या बाईंना मी काहीच सांगितलं नव्हतं," आजी म्हणाल्या. "तुला सांगितलं होतं."