काडेपेटी आमच्याकडे होती

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा, पण आमच्या बाईंसमोर हा विषय काढू नका. त्या अजूनही मला बघितलं की पदर तोंडाला लावतात.

मी म्हणजे हजेरीला "हजर" म्हटलं तरी जिचा आवाज फळ्यापर्यंत पोचत नाही, ती मुलगी. पण अक्षर असं, की सगळा वर्ग माझी वही मागून नेतो! तेवढ्या गुणावर बाईंनी मला अंबडजवळच्या शिबिरात चौथ्या तुकडीची पुढारी केलं. तुकडीत मी, शहनाज आणि सुजाता.

खेळ असा होता. चार तुकड्या, चार वाटा. बाईंनी आदल्या दिवशी दगडांवर खुणा करून ठेवलेल्या. त्या बघत टेकडीवरच्या देवळापाशी पोचायचं आणि तिथं स्वयंपाक करायचा. एका तुकडीकडे ज्वारीचं पीठ, दुसरीकडे डाळ-मीठ, तिसरीकडे पाण्याच्या कळश्या. आणि आमच्याकडे? काडेपेटी. सगळ्या शिबिरात मिळून एकच!

"एक तुकडी चुकली तर सगळ्या उपाशी," बाईंनी बजावलं. "एकमेकींचं ऐका."

मी सगळ्या सूचना वहीत उतरवून घेतल्या. महत्त्वाच्या ओळीखाली पट्टीनं दोन रेघाही मारल्या.

अर्ध्या तासात मला पहिली खूण दिसली. दगडावर पांढराशुभ्र चुना! पुढे दुसरी, तिसरी. माझी नजर तीक्ष्ण आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच.

"हे बाईचं न्हाई वाटत," सुजाता म्हणाली. "माझी आई तलावाच्या कामावर जाती ना, तिथं असाच चुना मारतेत."

"अगे, वही तो खोल के देख!" शहनाज म्हणाली.

"मला पाठ आहे," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज एवढा मोठा निघाला, की मलाच आवडला.

खुणा उताराला लागल्या. टेकडी डाव्या हाताला मागे राहिली. वाटेत मेंढ्या चारणारे एक काका दिसले. शहनाज विचारायला निघाली, तर मी तिला हाताला धरून ओढलं. अनोळखी माणसाशी बोलायचं? आणि पुढारी होऊन रस्ता विचारायचा?

खुणा संपल्या तिथं चाळीसएक माणसं माती खोदत होती. गळ्यात शिट्टी अडकवलेले मुकादम आमच्यावर धावूनच आले.

"सराटी गावच्या मजुरणी ना तुम्ही? किती उशीर! चला जल्दी, घमेली उचला!"

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, आम्ही त्या नव्हे. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. श्रमदान! बाई दर शिबिरात श्रमदान करायला लावतातच. या वेळी गुपचूप ठेवलंय. हीच खरी परीक्षा!

"उचला," मी हुकूम सोडला.

"डोस्कं फिरलं का तुझं?" सुजाता म्हणाली. पण तिनंच माझ्या रुमालाची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

पुढारी म्हणून मी सगळ्यांत मोठं घमेलं घेतलं. चार पावलं गेले आणि घमेल्यासकट आडवी! माती केसांत, कानांत, दातांत. पिकल्या केसांच्या गजराबाईंनी मला उठवलं.

"एकटीनं कशाला मरती गं? रांगंत उभी ऱ्हा. हिच्याकडून घे, तिला दे."

मग घमेली या हातातून त्या हातात अशी सरकायला लागली, की बघत राहावं! मी तर मनात बक्षीसही घेऊन ठेवलं.

दुपारी शिट्टी झाली आणि कामावरच्यांना सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटली. गजराबाईंनी आपल्या वाटणीतली मूठमूठ आम्हाला दिली. "काम केलंय, खा मंग." मला नाही म्हणायची लाज वाटली. खाल्ली.

शेवटी धीर करून मी विचारलं, "बाई कुठं आहेत? परीक्षा घेणाऱ्या?"

गजराबाईंचा घास हातातच राहिला. "कसली परीक्षा? पाझर तलाव हाय ह्यो, पोरी!" मग त्यांनी टेकडीकडे बोट केलं. "त्या वरच्या पोरी तुमच्यातल्या का? कवाच्या चादर हालवून राह्यल्या. आमाला वाटलं, खेळ चाललाय."

आम्ही अशा पळालो, की मेंढ्या बाजूला झाल्या.

वर नऊ मुली थंड चुलीभोवती बसलेल्या. पीठ मळून वाळलेलं, डाळ भिजून फुगलेली. मी काडेपेटी चुलीपाशी ठेवली.

"कुठं होता?" बाईंनी विचारलं.

"बाई, आम्ही श्रमदान केलं!"

"असं? मग तोंडाला काय लागलंय?"

आम्ही तिघींनी एकदम तोंडं पुसली. आमच्या तुकडीनं सकाळपासून न भांडता केलेलं तेवढं एकच काम.

बाईंनी माझी वही उघडली आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. "'आपल्या खुणा लाल गेरूच्या आहेत. पांढरा चुना तलावाच्या कामाचा आहे. तिकडे जाऊ नये.'" खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा.

"अक्षर फार सुरेख आहे गं," बाई म्हणाल्या. "कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले. पण तो आवाज चुलीपर्यंतसुद्धा पोचला नाही.